एकट्याने माळरानात: शिकारीचा कायदा आणि बंदुकीविना वनफेरीची तयारी

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मंडळाकडे एक प्रश्न हमखास येतो. परदेशात स्थायिक झालेला एखादा पुतण्या किंवा भाचा घरी आलेला असतो. तिकडे लायसन काढून, सरकारी जमिनीवर एकट्याने हरणाच्या शिकारीला जाता येते, हे त्याने पाहिलेले असते. तो घरच्यांना विचारतो, "काका, आपल्या बाजूला एवढी हरणं आहेत, इथं परवाना कुठं मिळतो?" कधी हाच प्रश्न गावातला तरुण विचारतो, फक्त परवान्याचे नाव न काढता.

या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, आळंद, चिंचोळी या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडेल इतपत माहिती आम्ही इथे दिली आहे. पहिल्या भागात कायदा आहे. दुसऱ्या भागात, बंदूक घरी ठेवून, दुर्बीण आणि वही घेऊन सरकारी माळावर किंवा जंगलात एकट्याने जायचे असेल तर तयारी कशी करावी, हे आहे.

थोडक्यात उत्तर

भारतात हौसेखातर वन्यप्राण्याची शिकार करण्याचा परवाना मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. त्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. त्यामुळे एखाद्या थोरल्या काकांनी त्या काळी परवान्यावर शिकार केल्याची हकीकत खरी असू शकते, पण ती आज आधार म्हणून चालत नाही. जमीन सरकारी असो, गायरान असो की स्वतःच्या नावावरची असो, बंदी सगळीकडे सारखीच आहे. प्राणी आपल्या शेतात आला म्हणून आपला होत नाही.

कल्याण आणि मृगया

आपल्या गावाचा शिकारीशी संबंध जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचे दुसरे नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत शंभर अध्याय त्यात आहेत. राजाच्या करमणुकींत हरणांची मृगया, ससाण्याकरवी केलेली पक्ष्यांची शिकार आणि मासेमारी यांना स्वतंत्र अध्याय आहेत. याच ग्रंथाच्या गीतांच्या भागात जुन्या मराठीचे नमुने सापडतात, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासातही त्याला मान आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला.

म्हणजे शिकारीचे शास्त्र लिहून ठेवणारा राजा याच कल्याणचा. पुढे त्याच शतकात, याच गावात, शरणांनी भूतदयेचा विचार मांडला. दोन्ही वारसे आपलेच आहेत.

संस्थानी काळात दख्खनच्या माळावर काळविटाची शिकार हा मोठा मानाचा खेळ होता. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या काळी शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत. तो चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनो येथे आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडावे लागले. माळढोक पक्ष्याचीही तीच वाट झाली. एके काळी आपल्या कोरड्या पठारावर सहज दिसणारा हा पक्षी आज देशभरात मिळून दीडशेहून कमी उरला आहे. खात्यात शिल्लक न पाहता चेक फाडत राहिले की काय होते, हे बँकेत काम केलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

कायद्यात 'शिकार' कशाला म्हणतात

पुष्कळांचा समज असा की गोळी झाडून प्राणी मारला तरच शिकार. कायद्याची व्याख्या फार रुंद आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे किंवा जाळे लावणे, हाकारा करून पळवणे, आमिष टाकणे, आणि यांपैकी काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, हे सगळे शिकारीतच मोडते. जखमी करणे आणि शरीराचा भाग काढून घेणेही त्यात आले. रानपक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी अथवा घरटी विसकटणेसुद्धा त्यात आले. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या मुलांनाही सांगून ठेवाव्यात.

१. ससा, तितर, लाव्हा हे लहान जीव आहेत म्हणून सूट नाही. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे.

२. कुत्री सोडून ससा धरणे ही शिकारच. ती कुत्र्याने केली, आपण नाही, हा बचाव टिकत नाही.

३. रात्री मोटारीच्या उजेडात किंवा टॉर्चच्या झोतात हरिण दिपवून मागे लागणे हा प्रयत्न समजला जाऊ शकतो. हातात बंदूक असेल तर समजलाच जाईल.

४. गलोलीने पक्षी पाडणे हा मुलांचा खेळ नाही.

५. रस्त्यावर गाडीखाली मेलेले हरिण किंवा मोर उचलून आणणे हाही गुन्हा. मेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो किंवा त्याचा भाग हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वन खात्यात कळवावे लागते.

२०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि दंड वाढवला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीत सर्वांत जास्त संरक्षण मिळालेले प्राणी येतात. आपल्या भागातले काळवीट, लांडगा, मोर त्यातच आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार, किंवा अभयारण्याच्या हद्दीत केलेली शिकार, यासाठी किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. एरवीच्या उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरलेली गाडी आणि हत्यार जप्त होते ते निराळेच. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर ती वन खात्याच्या आवारात गंजत उभी राहते आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालूच राहतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, सद्‍भावनेने, प्राण्याला मारावे किंवा जखमी करावे लागले तर तो गुन्हा नाही. मात्र बेकायदा कामासाठी रानात गेलेल्याला ही सवलत मिळत नाही, आणि मेलेला प्राणी सरकारचाच राहतो.

घरातली जुनी शिंगे आणि बंदूक

जुन्या वाड्यांत दिवाणखान्याच्या भिंतीवर काळविटाची पिळाची शिंगे असतात. एखाद्या पेटीत कातडे असते. आजोबांच्या वेळचे आहे, एवढे म्हणून भागत नाही. अशा वस्तूंची नोंद आणि मालकी प्रमाणपत्र लागते. २००३ साली केंद्र सरकारने न नोंदवलेल्या जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली होती. त्या वेळी ज्यांनी अर्ज केला त्यांनी तो कागद जपून ठेवावा, आणि घर मुलांच्या नावावर करताना तो कागदही त्यांच्या हाती द्यावा. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी शिंगे विकू नयेत, भेट देऊ नयेत, दुसऱ्या गावी हलवू नयेत. वकिलाचा सल्ला घेऊन वन खात्याला लेखी कळवावे. मोराची आपोआप गळलेली पिसे घरात ठेवण्याला मात्र हरकत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांनी तिथे कायदेशीर परवान्यावर शिकार केली असेल, तरी शिंगे-कातडी बॅगेत घालून इकडे आणू नयेत. भारत १९७६ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा सभासद आहे. परवान्याच्या कागदांशिवाय विमानतळावर माल अडतो आणि माणूसही अडतो.

बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो. पीक राखण्यासाठी किंवा जीवाच्या रक्षणासाठी दिलेला परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. परवानाधारक वारला तर वारसांनी बंदूक कपाटात ठेवून गप्प बसू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करून पुढचा अर्ज करावा. बँकेच्या लॉकरमध्ये ती ठेवता येते का, असे आम्हाला नोकरीत असताना एकापेक्षा जास्त ग्राहकांनी विचारले होते. लॉकरच्या करारात शस्त्रे आणि स्फोटके ठेवायला स्पष्ट मनाई असते.

पिकाचे नुकसान होत असेल तर

ही बाजू नीट समजून घेतली पाहिजे. तूर, सोयाबीन, हरभरा, ज्वारी यांत रात्रीतून रानडुकरांचा कळप शिरला की वर्षाचा हिशेब चुकतो. कोवळ्या पिकात काळविटांचे टोळके बसले की शेतकऱ्याचा जीव तुटतो. हरणे वाचली पाहिजेत असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत बांधावरचा माणूस देतो.

कायद्यात यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, नुकसानभरपाई. नुकसान दिसताच तारखेसह फोटो काढावेत, पहाणीचा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडून वन खात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे. दुसरी वाट अशी की, पिकाला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी म्हणजे लेखीच. गार्डने तोंडी 'बघा तुमचं तुम्ही' म्हटले, ही परवानगी नव्हे.

बांधाच्या तारेत सरळ विजेचा प्रवाह सोडणे कधीही करू नये. त्यात डुक्कर मरते तसा पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. झटका मशीनचे सौर कुंपण वेगळे. त्यात क्षणभराचा झटका बसतो, प्रवाह सलग राहत नाही. विकत घेताना मशीन प्रमाणित आहे ना, हे पाहावे आणि कुंपणावर पाटी लावावी.

कोणती सरकारी जमीन, कोणाची

आता दुसरा भाग. एकट्याने फिरायला जाण्याआधी आपण कोणाच्या जमिनीवर पाय ठेवणार आहोत हे कळले पाहिजे.

अभयारण्य: प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी लागते. हत्यार नेणे, विस्तव पेटवणे, प्राण्यांना छेडणे मना आहे.

राखीव जंगल: कर्नाटक वन अधिनियम १९६३ लागू. परवानगीवाचून आत शिरणे, आग लावणे, फासे लावणे हे गुन्हे आहेत. हद्दीवर दगडी खुणा असतात, काही ठिकाणी चर खोदलेला असतो.

गायरान किंवा गोमाळ: ही महसूल खात्याची, गावच्या जनावरांच्या चराईची जमीन. चालत जायला सहसा कोणी अडवत नाही, पण गावकऱ्यांना न विचारता मुक्काम करू नये.

तलाव आणि धरणाचे काठ: लघुपाटबंधारे किंवा जलसंपदा खात्याच्या ताब्यात. भिंतीवर आणि दरवाजांजवळ जाऊ नये.

कोणत्या सर्व्हे नंबरात उभे आहोत हे कर्नाटक सरकारच्या 'दिशांक' या मोबाइल ॲपवर कळते. घरूनच पाहून, सर्व्हे नंबर वहीत टिपून घ्यावा. शंका असेल तर रेंज ऑफिसात जाऊन विचारावे. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्यावा. मराठीतला अर्ज कोणी टाकून देत नाही, पण कन्नडमधल्या अर्जावर काम त्याच दिवशी होण्याची शक्यता जास्त. नाव, पत्ता, आधार, जाण्याची तारीख, वेळ, वाट आणि कारण एवढे पुरे. कारणात 'पक्षी व प्राणी निरीक्षण' असे सरळ लिहावे.

कुठे जाता येईल

पहिल्यांदा जाणाऱ्याने लांब जाऊ नये. आपल्या तालुक्यातच मुस्तापूरजवळचा चुळकी नाल्याचा जलाशय आहे, हिरेनागावकडे मुल्लामारीचा वरचा प्रकल्प आहे. हिवाळ्यात काठावर बसून पाणपक्षी पाहायला ही ठिकाणे चांगली. भालकी तालुक्यातले कारंजा धरण त्याहून मोठे.

काळवीट पाहायचे तर बीदरच्या बाजूची माळराने आणि होन्नीकेरीच्या राखीव जंगलाचा परिसर प्रसिद्ध आहे. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा. मादी फिकट तपकिरी आणि बिनशिंगी. घाबरला की कळप एकामागून एक उंच उड्या घेत जातो.

खरे दाट जंगल पाहायचे तर कलबुर्गी जिल्ह्यातले चिंचोळी अभयारण्य. २०११ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे आहे. कोरड्या प्रदेशातले पानगळीचे जंगल, मधोमध चंद्रमपल्ली धरण. इथे एकट्याने, परवानगीवाचून, पायी हिंडू नये. आधी रेंज ऑफिसशी बोलून, त्यांनी दिलेल्या वाटेनेच जावे.

महाराष्ट्राच्या बाजूला धाराशिवजवळ येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे, सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे, पण काळवीट हमखास दाखवणारे. सीमा ओलांडली की परवानगी महाराष्ट्र वन विभागाची लागते, कर्नाटकची चिठ्ठी तिथे चालत नाही.

कधी जावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. गवत वाळलेले, आकाश स्वच्छ, पाहुणे पक्षी आलेले. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. उजाडण्याआधी अर्धा तास जागेवर पोचावे आणि दहाच्या आत परतावे.

मार्च ते मे उन्हाचा पारा चाळिशीच्या वर जातो. साठी ओलांडलेल्यांनी या दिवसांत एकट्याने जाऊ नये. कोरड्या गवताला ठिणगी पुरते, म्हणून विडी-सिगारेट आणि चुलीचा विचारही नको.

जून ते सप्टेंबर काळी माती बुटाला शेर-दोन शेर चिकटते, ओढे अचानक भरतात आणि साप बाहेर असतात. बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर मात्र पाऊस उघडल्यावर चालणे बरे पडते. तिथे चिखल कमी.

जाण्यापूर्वी लिहून ठेवायची चिठ्ठी

परदेशातल्या शिकाऱ्यांची एक सवय घेण्यासारखी आहे. एकटा जाणारा शहाणा माणूस कुठे जातो, कोणत्या वाटेने, आणि किती वाजता परतणार, हे लिहून घरी ठेवून जातो. आपल्याकडे 'जरा जाऊन येतो' एवढेच सांगायची पद्धत आहे. घरच्यांना मग कोणत्या दिशेला शोधावे हेही कळत नाही.

चिठ्ठीत सात गोष्टी असाव्यात: गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर, गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर, जाण्याची वाट, परतण्याची वेळ, अंगावरच्या कपड्यांचा रंग, आणि उशीर झाल्यास कोणाला फोन करायचा. एक प्रत घरी, एक गाडीच्या काचेआड. परतण्याच्या वेळेनंतर एक तास वाट पाहून घरच्यांनी फोन लावायचा, दोन तासांनी माणसे पाठवायची, हे आधीच ठरवावे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येते. पण ओढ्याच्या खोलगटात रेंज जाते, म्हणून चिठ्ठी हवीच.

सोबत काय घ्यावे

पाणी निदान तीन लिटर. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखर आणि त्या दिवसाच्या गोळ्या. घोट्यापर्यंतचे बूट, जाड पँट, टोपी. मातकट किंवा खाकी रंगाचे कपडे प्राण्यांना कमी बिचकवतात, पण पोलिसी किंवा लष्करी छापाचे कपडे घालू नयेत. पिशवीत एक भडक रंगाचा रुमाल ठेवावा, मदत मागताना फडकवायला. हातात काठी. दुर्बीण ८ बाय ४२ मापाची असेल तर पहाटेच्या कमी उजेडातही चालते. टॉर्च, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन, नकाशा आधीच उतरवून घेतलेला. आधार कार्डाची प्रत आणि परवानगीची चिठ्ठी. वही आणि पेन्सिल, कारण पेन घामाच्या हाताने नीट चालत नाही.

काय नेऊ नये: बंदूक, एअरगन, गलोल, कोयता, जाळे, कुत्रा. ड्रोनही नको. यांतली एखादी वस्तू सापडली तर आपण नुसते पाहायला आलो होतो हे कोणालाही पटवता येणार नाही.

रानात वागणे

शिकारीच्या विद्येतला निम्मा भाग पाहणाऱ्यालाही लागतो. चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठून येतो ते पाहावे आणि वाऱ्याला तोंड करून चालावे, म्हणजे आपला वास पुढे जात नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नये. बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला बसावे. वीस पावले चालून दोन मिनिटे थांबावे. हरणाने मान वर करून आपल्याकडे टक लावली की आपण पुरेसे जवळ आलो असे समजून बसून राहावे. त्याच्या मागे जाऊ नये. पळवलेली गाभण मादी पाडसाला मुकते.

लांडग्याची किंवा खोकडाची बिळे, पक्ष्यांची घरटी दिसली तर वहीत टिपावे, पण फोटोसह नेमकी जागा कोणत्याही ग्रुपवर टाकू नये. आपण कौतुकाने टाकलेली जागा फासे लावणाऱ्यांच्याही हाती पडते.

वाटेत धनगर भेटतील. त्यांना नमस्कार करून चार शब्द बोलावे, रानाची सगळ्यांत ताजी बातमी त्यांच्याकडे असते. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांनी 'दारी एल्ली?' (वाट कुठे?) आणि 'नीरु एल्ली?' (पाणी कुठे?) एवढे कन्नड तरी पाठ करावे. मेंढरांची कुत्री अंगावर आली तर पळू नये. जागेवर उभे राहून, काठी जमिनीला टेकवून धनगराला हाक मारावी.

पिठाच्या गोळ्यासारखी किंवा चिंधीत गुंडाळलेली वस्तू रानात पडलेली दिसली तर हात लावू नये, पायानेही उडवू नये. डुकरांसाठी ठेवलेला तो गावठी बॉम्ब असू शकतो. तारेचा फास दिसला तर जागा टिपून वन खात्याला कळवावे. अंधारात अनोळखी शेताच्या कुंपणाला हात लावू नये.

संकट आले तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिविष या चारांवर चालते. दंश झाला तर जागा कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अंगठी, घड्याळ, बूट काढावेत, तो अवयव काठीच्या आधाराने न हलेल असा ठेवावा आणि थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावे. मंत्र घालणाऱ्याकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारकडे करणे दवाखान्यांना बंधनकारक आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि कर्नाटक वन खात्याला कळवण्यासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवावेत. वाट चुकली तर भटकत राहू नये. उंचवट्यावर सावलीला बसून थोड्या थोड्या वेळाने तीन शिट्ट्या द्याव्यात.

परतल्यावर

घरी पोचल्याचे कळवावे, चिठ्ठी फाडावी, आणि वहीत तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसले, किती दिसले हे लिहावे. पाच वर्षे अशी नोंद ठेवली तर आपल्या तालुक्यात कोणता प्राणी वाढला आणि कोणता घटला याचा खरा ताळेबंद तयार होईल. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वन खात्याची नोकरी करता करता अशाच नोंदी ठेवत आणि त्यांतून मराठीला रानाबद्दलचे मोठे लेखन मिळाले. आपल्या वहीतून पुस्तक होईलच असे नाही, पण नातवाला दाखवायला काहीतरी खरे हाती राहील.

ज्या सभासदांना कन्नड अर्जाचा नमुना किंवा घरी ठेवायच्या चिठ्ठीचा छापील नमुना हवा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयातून न्यावा. एकट्याने जाण्याआधी पहिली फेरी कोणा जाणत्या सभासदाबरोबर करावी, अशी आमची विनंती आहे.